निःस्पृह न्यायाधीश : रामशास्त्री प्रभुणे

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही असं आपण सर्रास म्हणतो. पण सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. लहानपणी शिक्षण राहूनच गेलं. ऐन विशीत ते काशीला गेले आणि शास्त्री होऊनच परतले. (बॅकलॉगवाल्यांनी नोंद घ्यावी!) १७५९ साली ते पेशवे दरबारात मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपजाप्यात फार रमू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट बजावलं की जप करायचा तर गादी सोडा, गादीवर बसायचं तर प्रजेचं काम बघा. माधवरावांनी ते ऐकलं.

खरी परीक्षा पुढेच होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. चुलते राघोबादादा पेशवे झाले. रामशास्त्रींनी चौकशी केली, तर धागेदोरे थेट दादांपर्यंत पोचले. ज्याची चाकरी, तोच आरोपी! तरी शास्त्रीबुवांनी सांगून टाकलं की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त.

निकाल लागला, पण अंमल कोण करणार? फौज आणि खजिना दादांच्याच हाती. न्यायाधीशापाशी उरलं फक्त पद सोडणं. ते पुणं सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. दादांना गादीवरून हटवलं ते नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी. पुढे नानांच्या कारभारात शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर आले आणि १७८९ साली वारले.

योगायोग बघा, त्याच साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले. तिथल्या राज्यघटनेने अध्यक्षाला अधिकार दिले, पण खर्चाची मंजुरी आणि महाभियोग काँग्रेसकडे ठेवले; वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर असतो ना, तसंच. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने अध्यक्ष निक्सन यांना टेप्स हजर करायला लावल्या आणि काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. पुण्यात न्यायाधीशाला जावं लागलं, तिथे सत्ताधीशाला. लेखी घटनेने हा फरक पडतो. आपल्या घटनेचं ५० वं कलमही न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवायला सांगतं.

पण कलम आपोआप चालत नाही, ते चालवणारा माणूस ताठ लागतो. उद्या शेगावहून बाहेर पडल्यावर आपणही कुठल्यातरी बिलावर, टेंडरवर सही करू. साहेबाचा दबाव येईल, तेव्हा रामशास्त्री आठवले तरी पुरे!