तीन टिंबे ऐकणारा माणूस : गुल्येल्मो मार्कोनी

(द्वितीय वर्ष, कला)

बिनतारी संदेशवहन म्हटले की मार्कोनीचे नाव ओघाने येतेच. रेडिओचा शोध लावला, नोबेल पारितोषिक मिळाले, एवढ्यावर आपण त्याला निरोप देतो. पण या माणसाचे अर्धे आयुष्य कानाला यंत्र लावून अगदी क्षीण आवाज ऐकण्यात गेले, आणि त्याच्या जीवनातला सर्वांत गाजलेला व सर्वांत संशयास्पद क्षणही ऐकण्याचाच आहे.

२५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे त्याचा जन्म झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची, व्हिस्कीच्या मोठ्या कारखानदार घराण्यातील. शिक्षण बरेचसे घरीच, शिक्षक ठेवून झाले. विद्यापीठात प्रवेश काही मिळाला नाही. प्राध्यापक रीगी यांनी आपल्या प्रयोगशाळेत व ग्रंथालयात येऊ दिले, तेवढीच विद्यापीठाशी ओळख. पदवीवाचूनही माणूस मोठा होतो, हे दाखविण्यासाठी ही हकीकत फार कौतुकाने सांगितली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मला तिची दुसरी बाजू आधी दिसते. मार्कोनीजवळ पदवी नव्हती, पण माळ्यावर प्रयोग मांडायला प्रशस्त वाडा होता, तारा-बॅटऱ्यांना पैसा होता आणि लंडनमध्ये आईचे नातलग होते. हे सांगितल्याने त्याची बुद्धी कमी होत नाही. हिशेब मात्र पुरा होतो.

१८९४ च्या आरंभी हर्ट्‌झ हा जर्मन शास्त्रज्ञ वारला. त्याच्यावरील मृत्युलेख वाचताना मार्कोनीच्या मनात आले की या विद्युत्-लहरींनी तारेवाचून निरोप का धाडू नयेत? पोंतेक्क्यो येथील वाड्याच्या माळ्यावर खटपट सुरू झाली. १८९५ मध्ये त्याने यंत्राचे एक टोक खांबावर उंच चढविले, दुसरे जमिनीत पुरले आणि संदेशाचा पल्ला एकदम वाढून सुमारे अडीच किलोमीटर झाला. थोरला भाऊ आल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन उभा होता. संदेश पोहोचला की बार काढायचा, असे ठरले होते. बार ऐकू आला.

१८९६ मध्ये तो आईबरोबर इंग्लंडला गेला, पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी कंपनी उभी राहिली. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते प्रीस यांनी त्याला हात दिला.

आता तो गाजलेला प्रसंग. पृथ्वी वाटोळी आणि लहरी सरळ जाणाऱ्या; तेव्हा त्या अटलांटिकपलीकडे पोहोचणार नाहीत, असे बहुतेक जाणकारांचे मत होते. मार्कोनीने कॉर्नवॉलमधील पोल्धू येथे प्रचंड केंद्र उभारले. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळाने तेथील खांब कोसळले. थोड्याच दिवसांत अमेरिकेतील केप कॉडचेही पडले. तेव्हा तो जॉर्ज केम्प व पॅजेट या दोन मदतनीसांना घेऊन न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे गेला. खांब नाहीत म्हणून फुगे आणि पतंग! डिसेंबरातल्या वाऱ्याने एक फुगा नेला, एक पतंगही नेला. पोल्धूहून रोज ठरलेल्या वेळी ‘एस’ हे मोर्स लिपीतील अक्षर, म्हणजे तीन टिंबे, पुन्हा पुन्हा पाठविली जात होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास सिग्नल हिलवर कानाला टेलिफोन लावून बसलेल्या मार्कोनीला ती तीन टिंबे ऐकू आली. त्याने टेलिफोन केम्पच्या हाती दिला. केम्पलाही आली. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर.

पण कागदावर काहीच उमटले नाही. पतंग सारखा वरखाली होत होता, संकेत इतका दुर्बळ की लिहिणारे यंत्र चालेना. साक्षीदार दोनच, आणि दोघांनाही काय ऐकू यायला हवे ते आधीच ठाऊक. आमच्याकडे जुना ट्रान्झिस्टर आहे. रात्री दूरचे केंद्र शोधताना काटा केसभर हलला की खरखरीत गाणे आहे की नाही यावर वडिलांचे आणि माझे एकमत होत नाही. म्हणून शंका घेणाऱ्यांना मी दोष देत नाही.

फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ बोटीवरून जाताना मार्कोनीने संकेत कागदी फितीवर उमटवून घेतले. रात्री ते सुमारे ३,४०० किलोमीटरांपर्यंत मिळाले. दिवसा मात्र जेमतेम ११०० किलोमीटर. पुरावा भक्कम झाला, आणि सिग्नल हिलवरील भरदुपारची टिंबे अधिकच कोड्यात पडली. आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक त्याला इटालियन नौदलाकडून मिळाला होता. पण लोखंड व पारा यांचा तसा ग्राहक आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. बोसांचे नाव या कथेत फार उशिरा आले.

१९०९ मध्ये ब्राउन या शास्त्रज्ञाबरोबर त्याला नोबेल मिळाले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडताना त्याच्याच कंपनीच्या तारवाल्यांनी मदत मागितली आणि सातशेंवर जीव वाचले. त्याच वर्षी मोटार-अपघातात त्याचा उजवा डोळा गेला.

कान मात्र शाबूत होते. लांब लहरींमागे त्याने कित्येक वर्षे घालविली. आखूड लहरी निरुपयोगी समजून हौशी मंडळींना दिलेल्या होत्या. आणि डिसेंबर १९२१ मध्ये गॉडली नावाच्या अमेरिकन हौशी श्रोत्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसून मायदेशातील हौशी केंद्रे ऐकून दाखविली. मार्कोनीनेही १९२३ मध्ये आपल्या ‘एलेत्रा’ नौकेवरून केप व्हर्दपर्यंत जाऊन पोल्धूच्या लघुलहरी ऐकल्या. त्यातूनच ‘बीम’ केंद्रे निघाली. १९२७ मध्ये इंग्लंडशी बोलणारे भारताचे बीम केंद्र सुरू झाले ते आपल्या पुण्याजवळ : खडकीहून संदेश जात आणि दौंडला येणारे ऐकले जात. दौंड स्टेशनात गाडी बदलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

१९३४ मध्ये सेस्त्री लेवान्ते येथे त्याने नौकेच्या खिडक्या झाकून, केवळ किनाऱ्यावरील रेडिओ-दीपाच्या संकेतावर ती दोन तरंगत्या खुणांमधून नेली. आज असे दीप हौशी श्रोत्यांसाठीही आहेत. अठरा केंद्रांची एक जागतिक साखळी आखलेली असून तिच्यात शेजारचे श्रीलंकाही आहे. प्रत्येकाने आपली खूण द्यायची आणि मग चार लांब ठोके : पहिला १०० वॅटचा, नंतर १०, नंतर १ आणि शेवटचा एका वॅटच्या दहाव्या भागाचा. शेवटचा ठोका ऐकू आला की त्या श्रोत्याचा दिवस सोन्याचा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३० मध्ये मुसोलिनीने त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केले. इतके बारीक ऐकणाऱ्याला स्वतःच्या देशातला आक्रोश ऐकू आला नाही काय?

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. त्याच्यासाठी बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध ठेवण्यात आली. पोंतेक्क्योच्या त्याच वाड्यापाशी त्याची समाधी आहे. ‘एलेत्रा’ पुढे जर्मनांच्या हाती पडली व १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात बुडाली. तिचे तुकडे इटलीत ठिकठिकाणी जपून ठेवले आहेत.