बाटलीवरचे नाव : डॉ. सिडनी रिंगर



मागच्या पावसाळ्यात आपल्या आठवीच्या एका विद्यार्थ्याला उलट्या-जुलाबांमुळे दवाखान्यात ठेवावे लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याला बाटली चढत होती. बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ असे छापले होते. हे रिंगर काय, असे त्याने विचारले. कंपनीचे नाव असेल, असे आम्ही सांगून टाकले. ते चूक होते. रिंगर हे एका डॉक्टरांचे आडनाव आहे.

सिडनी रिंगर यांचा जन्म १८३५ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. लहानपणीच वडील वारले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि तेथल्याच रुग्णालयात त्यांनी १९०० पर्यंत काम केले. रोगी तपासायचे, शिकवायचे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, असा त्यांचा क्रम असे.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर कोणत्या द्रवात धडधडत राहते, हे ते शोधत होते. मिठाच्या पाण्यात ते चांगले चालते असे दिसले आणि १८८२ मध्ये त्यांनी तसे छापलेही. नंतर कळले की द्रव शुद्ध, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेलाच नव्हता. मदतनिसाने लंडनच्या नळाचे पाणी घेतले होते, असे सांगतात. शुद्ध पाणी घेऊन पाहिले तर हृदय थोड्याच वेळात बंद पडले! नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग. एवढ्याशा कॅल्शियमवर हृदय चालत होते.

छापून झालेला निष्कर्ष चुकला होता. रिंगर तेव्हा नावाजलेले प्राध्यापक होते, गप्प बसले असते तर कोणाला कळले नसते. पण १८८३ च्या लेखाची सुरुवातच त्यांनी या चुकीच्या कबुलीने केली. मदतनिसाचे नाव त्यात नाही.

पुढे त्यांनी दाखवले की कॅल्शियम एकटे असले तर हृदय आकुंचन पावते पण नीट सैल होत नाही; पोटॅशियम त्याला आवर घालते. पोटॅशियम जास्त झाले तर मात्र हृदय थांबते. म्हणूनच रोग्याला कोणती बाटली आणि किती, हे डॉक्टर तपासणी करून ठरवतात. जरा अशक्तपणा वाटला की बाटली चढवून घ्यायची, ही आपल्याकडची पद्धत आम्हाला पटत नाही.

रिंगर यांची मुलगी लहानपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम गावच्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार केला. त्याच गावी १९१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या द्रवात लॅक्टेट घातले ते अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी, १९३० नंतरच्या दशकात. शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते आणि जुलाबाने वाढलेली रक्तातली आम्लता कमी होते.

तो विद्यार्थी शाळेत परत आल्यावर आम्ही आठवीच्या वर्गात जाऊन आमचे उत्तर दुरुस्त केले.