विल्यम टिंडेल

जुनें इंग्रजी गद्य वाचीत असतां एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानांत येते. सतराव्या शतकांतील जॉन बन्यन हा फुटकीं भांडीं सांधणारा कारागीर; एकोणिसाव्या शतकांतील रस्किन हा धनिकाघरचा विद्वान; आणि लिंकन हा अमेरिकेचा अध्यक्ष. काळ निराळा, व्यवसाय निराळा, परंतु वाक्यांची ठेवण मात्र सख्ख्या भावंडांच्या चेहऱ्यांसारखी मिळतीजुळती! कारण उघड आहे. हे तिघेही १६११ सालच्या इंग्रजी बायबलाच्या वाचनांत मुरलेले होते. पण त्या ग्रंथांतील पुष्कळसे शब्द ज्यानें प्रथम जुळविले, तो विल्यम टिंडेल त्यापूर्वींच पाऊणशें वर्षें प्राणास मुकला होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

टिंडेलचा जन्म ग्लॉस्टरशायर परगण्यांत सुमारें १४९४ सालीं झाला. ऑक्सफर्ड येथें तो १५१५ सालीं एम्. ए. झाला. धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेवांचून बायबलाचें इंग्रजी भाषांतर करूं नये, असा निर्बंध १४०८ पासून त्या देशांत होता. नांगर हांकणाऱ्या पोरालाही शास्त्र समजावें, ही टिंडेलची आकांक्षा. १५२३ सालीं लंडनचा बिशप टन्स्टॉल याच्याकडे त्यानें आश्रय मागितला. तो मिळाला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं त्यानें स्वदेश सोडला. तो पुन्हां परतला नाहीं.

१५२५ सालीं कोलोन शहरीं छपाई चालू असतां विरोधकांना सुगावा लागला. छापलेले कागद घेऊन टिंडेल ऱ्हाईन नदीनें वर्म्स येथें पळाला, आणि १५२६ सालीं ‘नवा करार’ मूळ ग्रीकवरून इंग्रजींत छापून निघाला. कापडाच्या गठ्ठ्यांतून प्रती चोरून इंग्लंडांत गेल्या. टन्स्टॉलनें त्या लंडनांत जाहीरपणें जाळविल्या. त्या आवृत्तीच्या आज अवघ्या तीन प्रती ज्ञात आहेत.

पुढें तो इब्री भाषा शिकला व १५३० सालीं मोशेचे पांच ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केले. लॅटिनपेक्षां इब्रीची रचना इंग्रजींत अधिक सहजपणें उतरते, असें त्याचें मत होतें. इब्री कथेंत लहान लहान वाक्यें ‘आणि’ या एकाच अव्ययानें माळेंतील मण्यांप्रमाणें ओंवलेलीं असतात. ‘बलवान पुरुष’ न म्हणतां ‘बलाचा पुरुष’ असें दोन नामांना सांधून बोलण्याची तिची चाल आहे. टिंडेलनें ही ठेवण पुष्कळ अंशीं जशीच्या तशी राखली, आणि शब्द निवडले ते शेतांतले, बाजारांतले, आंखूड व साधे. म्हणूनच तें गद्य मोठ्यानें वाचलें असतां कानांत ठसतें आणि नकळत लेखणींत उतरतें.

१५३५ सालीं अँटवर्प येथें एका विश्वासघातक्यानें त्याला पकडून दिलें. व्हिलव्हर्डच्या किल्ल्यांतील बंदिवासांतून त्यानें लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. त्यांत तो थंडीसाठीं उबदार टोपी मागतो, संध्याकाळीं एक दिवा मागतो, आणि सर्वांहून अधिक आग्रहानें इब्री बायबल, व्याकरण व कोश मागतो! ऑक्टोबर १५३६ मध्यें त्याला गळा आवळून ठार मारण्यांत आलें व देह जाळण्यांत आला.

पुढच्याच वर्षीं इंग्लंडच्या राजानें ज्या बायबलास परवानगी दिली, त्याचा मोठा भाग टिंडेलचाच होता. मुखपृष्ठावर नांव मात्र दुसरें. १५४१ च्या एका राजमान्य आवृत्तीवर तर तपासनीस म्हणून टन्स्टॉलचेंच नांव छापलेलें आहे! १६११ च्या पंडितांनींही टिंडेलचेच शब्द बहुशः कायम ठेवले. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें त्यांच्या नव्या करारांतील शेंकडा ८० हून अधिक शब्द त्याचे आहेत.

पुस्तकें जाळतां येतात, पण लोकांच्या जिभेवर बसलेलें वाक्य जाळतां येत नाहीं. जुन्या इंग्रजी गद्यांत तो ओळखीचा ताल पुन्हां कानीं आला, म्हणजे अंधाऱ्या कोठडींत दिवा आणि व्याकरण मागणाऱ्या त्या विद्यार्थ्याचें वाचकांनीं क्षणभर स्मरण करावें, एवढीच आमची विनंती.