मातांना सोबत घेऊन बालमृत्यूशी लढणाऱ्या डॉ. सारा जोसेफीन बेकर

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरातील उन्हाळा तान्ह्या मुलांच्या जिवावर उठत असे. गरीब वस्त्यांमध्ये अतिसाराने दगावणाऱ्या अर्भकांची संख्या आठवड्याला शेकड्यांनी मोजली जाई. आजारी मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असे. मूल आजारी पडण्यापूर्वीच आरोग्यसेवेने त्याच्या घरी पोहोचले पाहिजे, हा विचार शासकीय यंत्रणेत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. सारा जोसेफीन बेकर यांच्याकडे जाते.

१५ नोव्हेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांचा जन्म झाला. त्या सोळा वर्षांच्या असताना वडिलांचे विषमज्वराने निधन झाले. कुटुंबाच्या चरितार्थाची जबाबदारी ओळखून त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग निवडला आणि १८९८ मध्ये पदवी संपादन केली. खासगी व्यवसायातील तुटपुंज्या उत्पन्नामुळे त्यांनी शहराच्या आरोग्य विभागात निरीक्षकाची नोकरी पत्करली. ‘टायफॉइड मेरी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मेरी मॅलन यांना १९०७ मध्ये ताब्यात घेण्याच्या कारवाईत त्यांचा सहभाग होता. त्यांचे नाव आजही बहुधा त्याच संदर्भात घेतले जाते. वास्तविक त्यांचे मोठे कार्य त्यानंतरचे आहे.

१९०८ च्या उन्हाळ्यात इटालियन स्थलांतरितांच्या एका दाट वस्तीत त्यांनी प्रयोग हाती घेतला. शाळांना सुटी असल्याने शालेय परिचारिका उपलब्ध होत्या. जन्मनोंदणी कार्यालयाकडून नवजात बालकांचे पत्ते मिळवून या परिचारिकांना तातडीने घरोघरी पाठविण्यात आले. बाळाला अंगावर पाजणे, खिडक्या उघड्या ठेवणे, रोज स्नान घालणे, उकाड्यात हलके कपडे घालणे, एवढ्याच साध्या गोष्टी त्या मातांना समजावून सांगत. औषधांचा यात फारसा संबंध नव्हता. आधीच्या उन्हाळ्याच्या तुलनेत त्या भागात सुमारे १२०० बालके कमी दगावली. त्याच वर्षी शहराच्या आरोग्य विभागात बालआरोग्य विभाग स्थापन होऊन त्याची धुरा बेकर यांच्याकडे सोपविण्यात आली.

पुढे स्वच्छ दूध पुरविणारी आणि बाळाची तपासणी करणारी केंद्रे उघडण्यात आली. सुईणींना विरोधक न मानता त्यांना प्रशिक्षण व परवाने देण्याची व्यवस्था झाली. माता कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी ‘लिटल मदर्स लीग’ हे वर्ग सुरू झाले. कोवळ्या वयात हे ओझे मुलींवर असावे, हे आज खटकते. मात्र ते ओझे बेकर यांनी लादलेले नव्हते. ते पेलण्याचे ज्ञान त्यांनी दिले, आणि या मुलींमार्फत इंग्रजी न जाणणाऱ्या मातांपर्यंत ते ज्ञान पोहोचले.

या कार्याला विरोधही झाला. मुले निरोगी राहिल्याने आपला व्यवसाय बुडत असल्याची तक्रार करून ब्रुकलिनमधील काही डॉक्टरांनी हा विभाग बंद करण्याची मागणी महापौरांकडे केली. बेकर यांनी ती आपल्या कामाची पावतीच मानली.

१९१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्य विषयातील डॉक्टरेट त्यांना मिळाली. या विषयात महिलांना प्रवेश मिळाल्याखेरीज आपण तेथे व्याख्याने देणार नाही, अशी अट त्यांनी त्यापूर्वी घातली होती. १९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९३९ मध्ये त्यांचे ‘फायटिंग फॉर लाइफ’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.