विमानाच्या इंजिनात आग लागली तर? वॉल्टर किड्डे नावाच्या इंजिनिअरची गोष्ट

विमानात खिडकीजवळची सीट मिळाली की आपण पंखाखालच्या इंजिनाचा फोटो हमखास काढतो. त्या गोल कवचाच्या आत इंधन, तेल आणि लालबुंद तापलेला धातू अगदी जवळजवळ असतात. तिथे आग लागली, तर कॉकपिटमध्ये बसलेल्या पायलटला कळणार कसं? आणि हवेत असताना ती विझणार कशी? या दोन प्रश्नांचा इतिहास वाचताना मला एक नाव वारंवार भेटलं: वॉल्टर किड्डे.

किड्डे यांचा जन्म १८७७ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या होबोकेन गावचा. तिथल्याच स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १८९७ मध्ये ते इंजिनिअर झाले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. काम बांधकामाचं. आगीशी त्यांचा तसा काहीच संबंध नव्हता.

तो आला १९१८ मध्ये. जहाजांसाठी धूर ओळखणारी 'रिच' नावाची एक सिस्टीम होती, तिचे हक्क त्यांनी विकत घेतले. जहाजाच्या पोटात मालाची कोठारं अनेक दिवस बंद असतात. आत काही धुमसत असेल तर वर कुणाला पत्ताच लागत नाही. म्हणून प्रत्येक कोठारातून एक पाईप वर आणायचा, त्यातून हवा खेचायची आणि धूर दिसतोय का ते बघायचं. ज्या पाईपातून धूर येईल, त्या कोठारात आग! मग त्याच पाईपातून उलट दिशेने आग विझवणारा वायू आत सोडता येतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आग शोधणं आणि ती विझवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच कामाचे ते दोन भाग आहेत.

वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो आगीजवळचा ऑक्सिजन बाजूला सारतो, त्यातून वीज वाहत नाही आणि मागे काही डागही राहत नाही. अडचण एकच होती. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात असतो. वरून नुसता व्हॉल्व्ह उघडला तर आधी वायू निघतो, उरलेला द्रव थंड पडतो आणि जोर कमी होतो. किड्डे यांनी १९२३ मध्ये एका सायफनच्या पेटंटचे हक्क मिळवले. ही नळी तळातला द्रवच वर खेचते, त्यामुळे सिलिंडर झटक्यात रिकामा होतो.

पुढचा भाग तुम्हा स्मार्टफोनवाल्यांसाठी. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डला आग लागली तर पाणी मारून चालत नाही, सगळंच खराब होतं. बेल टेलिफोन कंपनीला यावर उपाय हवा होता. किड्डे यांच्या कंपनीने १९२४ मध्ये साडेसात पौंड, म्हणजे सुमारे ३.४ किलो वायूचा एक्स्टिंग्विशर बनवून दिला. टोकाला भोंग्यासारखं तोंड. आज सर्व्हर रूमबाहेर टांगलेला असतो, तो याचाच वंशज.

दुसऱ्या महायुद्धात कंपनी विमानांसाठीही आग विझवण्याची यंत्रणा आणि लाईफ राफ्ट फुगवणारे सिलिंडर बनवत होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये किड्डे वारले. त्याच महिन्यात, १८ तारखेला, सिएटलमध्ये बी-२९ बॉम्बरच्या चाचणी विमानाचं एक इंजिन पेटलं. टेस्ट पायलट एडी ॲलन यांच्या टीमने इंजिन बंद केलं, कार्बन डायऑक्साइड सोडला. वाटलं, विझली. पण आग पंखाच्या आत पोचली होती. विमान एका मांस कारखान्यावर कोसळलं. विमानातले सगळे ११ जण गेले, जमिनीवरचेही अनेक. वायू सोडून भागत नाही, आग नक्की कुठवर गेलीय आणि खरंच विझली का, हेही कळायला हवं.

आजची यंत्रणा या प्रश्नाभोवतीच उभी आहे. इंजिनाभोवती सेन्सरची बारीक नळी फिरवलेली असते, तिला लूप म्हणतात. एका प्रकाराला आजही किड्डे यांचं नाव आहे. त्यात धातूच्या नळीत दोन तारा आणि मध्ये खास पदार्थ असतो. उष्णता वाढली की त्या पदार्थाचा विद्युतरोध घटतो, आणि कॉकपिटमध्ये घंटा वाजून लाल दिवा लागतो. बोईंग ७३७ मध्ये प्रत्येक इंजिनाला दोन लूप असतात. एरवी दोघांनीही आग आहे असं सांगितलं तरच अलार्म होतो, म्हणजे खोटा अलार्म टळतो.

मग पायलट फायर हँडल ओढतो. इंधन बंद, हायड्रॉलिक तेल बंद, जनरेटर बंद. आधी आगीचं खाणं तोडायचं! त्यानंतर हँडल फिरवलं की बाटलीतला वायू इंजिनाभोवती सुटतो. ३० सेकंदांनी दिवा तसाच असेल, तर दुसरी बाटली. तिसरी नसते.

या बाटल्यांत आता बहुतेक हॅलॉन १३०१ असतो. कमी वजनात जास्त काम करतो, पण ओझोन थराला घातक आहे. विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद आहे, विमानांना जुना साठा आणि रिसायकल केलेला हॅलॉन पुरवला जातो. तितकाच हलका आणि भरवशाचा पर्याय शोधणं, हे किड्डे यांच्या वारसदार इंजिनिअरांपुढचं आजचं काम आहे.