मवाळ म्हणजे भित्रा?

इलेक्शनच्या दिवसांत आमच्या पुनावळ्याच्या हॉस्टेलवर मेसमध्ये रोज राडा! याला ‘लेफ्टिस्ट’ म्हण, त्याला ‘राइटिस्ट’ म्हण, झालं. अर्थ विचारला की सगळे ताटात बघतात. (1789 साली फ्रान्सच्या सभेत राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले आणि विरोधातले डावीकडे, तिथून हे शब्द आले.) मी कॉन्व्हेंटची, ‘मॉडरेट’ हा शब्द घोकलेला. मराठीत त्याला ‘मवाळ’ म्हणतात हे कळलं तेव्हा वाटलं, म्हणजे भित्रा. मग नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं चरित्र हातात पडलं.

त्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. 1884 ला बी.ए. झाल्यावर आयसीएस किंवा वकिली सोडून हे पुण्यात मास्तर झाले, पुढे फर्ग्युसनला प्रोफेसर. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, सगळं शिकवलं. अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं!

1897 साल मात्र वाईट गेलं. ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग, आणि सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली. त्यांनी ते तिथल्या पेपरात सांगितलं. परत आले तर पुरावा द्यायला कोणीच पुढे येईना. शेवटी गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या खटल्यात जेलमध्ये गेले. एक जेलमध्ये, एक माफी मागणारा! लोकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. मला स्वतःला माफी पटत नाही, पण सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायलाही जिगर लागते.

आता गंमत बघा. राजकारणात मवाळ असलेले गोखले समाजसुधारणेत आगरकरांच्या बाजूचे. उलट जहाल टिळकांनी 1891 च्या संमतिवयाच्या बिलाला विरोध केला. म्हणजे एकाच एक्स-ॲक्सिसवर माणूस प्लॉट होत नाही, वाय-ॲक्सिस पण हवा!

मवाळ म्हणजे सनदशीर मार्गाने, टप्प्याटप्प्याने हक्क मिळवणारे. 1902 ला गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले आणि बजेटचे आकडे काढून मिठावरच्या कराला भिडले. 1903 ला मणाला अडीच रुपयांचा कर दोनवर आला, 1907 पर्यंत एक रुपयावर. गरिबाच्या मिठाचा कर भाषणांनी कमी करणारा हा ‘भित्रा’!

12 जून 1905 ला त्यांनी भारत सेवक समाज काढला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1907 ला सुरतेत जहाल-मवाळ फुटलेच. 1911 ला त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. पुढच्या वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी ते पडलं. सरकार तर विरोधात होतंच, पण आपले काही बडे लोकही. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर लागू झाला तो थेट 2010 ला.

डायबेटिस आणि कामाचा रगाडा यांनी शरीर पोखरलं होतं. 19 फेब्रुवारी 1915 ला पुण्यात ते गेले, वय फक्त 48. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडण झालं ते टिळक स्मशानात आले आणि त्यांनीच लोकांसमोर गोखल्यांचा गौरव केला.

हे मी मेसमध्ये सांगितलं, तर एकाने विचारलं, मग तू स्वतः मवाळ की जहाल?

मी म्हटलं, आधी भाजी वाढ.