अणुगर्भाचा ध्यास घेतलेला विद्यार्थी

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका संपन्न पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, या वडिलांच्या इच्छेनुसार १९२७ मध्ये ते केंब्रिजला दाखल झाले. मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. तसे त्यांनी घरी कळविले. यंत्र अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळविल्यास पुढील शिक्षणाचा भार उचलू, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये भाभांनी ती पूर्ण केली.

१९३२ मध्ये गणिताच्या परीक्षेतही त्यांनी प्रथम वर्ग मिळविला. त्याच वर्षी केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. अशा भारलेल्या वातावरणात भाभांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित मांडले. ही प्रक्रिया 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने ओळखली जाते.

१९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करीत असताना, मूलभूत भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण भारतातच मिळावे, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. टाटा विश्वस्त निधीच्या साह्याने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९५७ मध्ये तुर्भे येथे अणुशास्त्रज्ञ घडविणारे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी त्यांना सातासमुद्रापार जावे लागले, तिचे दार त्यांनी पुढील पिढ्यांसाठी मायदेशातच उघडून ठेवले.